चवीपुरतं मीठ

मूल गाव, जिल्हा चांदा, पोळा, १९५५

वरण आज पुन्हा खारट. मामंजींनी दोन घास खाऊन पान दूर सारलं. यंदा घर नीट सांभाळलं तर मला मास्तरणीच्या शिक्षणाला चांद्याला पाठवू, असं तेच म्हणाले होते. आता कशाला पाठवतील?

सासूबाई म्हणाल्या, "चवीपुरतं टाक म्हटलं होतं. शाळा शिकली ना तू?" पण नैवेद्याआधी चाखायचं नाही, मग चव कळायची कशी? आई म्हणायची, खाणाऱ्याला मिठाची आठवण होऊ नये, ते चवीपुरतं. मी तेवढंच टाकलं होतं. मात्र विहिरीवरून आले तेव्हा मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं. मी लावलं होतं. लावलं होतं ना? हो, लावलंच होतं.

संध्याकाळी जाऊबाई भांडी घासत होत्या. त्यांना झाकणाचं विचारलंच.

"मले काय मालूम, बाई?" त्या हसल्या. मी हलले नाही. मग मान खालीच ठेवून म्हणाल्या, "तू चांद्याले गेली तं या चुलीपाशी मी एकटीच राहीन ना!"

सासूबाईंना सांगणार होते. सांगितलं नाही. शेजारी बसून भांडी विसळू लागले.