सुपारीचं लंघन

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

विम्याच्या एजंटने डायरी दिली. आमचे हप्ते थांबलेत हे त्याच्या ध्यानात आलेलं नसावं. परत मागायच्या आत लिहायला सुरुवात करते.

नव्या वर्षाचे संकल्प. खर्च माझ्या एकटीच्या हातात, त्यात कुणाची भीड धरायची नाही. भाजणीची गिऱ्हाइकं वाढवायची. यांना कंपनीबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. जूनपासून कोलशेतच्या गेटला कुलूप आहे, पण संक्रांतीच्या आत उघडणार असं माझं मन सांगतं. माझं मन सहसा चुकत नाही. दिवाळीच्या आत उघडणार असंही कळलं होतं, पण ते मन नव्हतं, तो यांच्या युनियनचा परशुराम होता.

४ जानेवारी, सोमवार, दुपार

हे दर सोमवारी गेटवर जातात. तिथे सगळेजण कुलपाकडे बघतात आणि घरी येतात. आज आले ते डब्याची पिशवी छातीशी धरून. टाळं लागल्यापासून कंपनीतून पहिल्यांदाच काहीतरी घरी आलं. मांजराचं पिल्लू. वॉचमनच्या केबिनमागे सापडलं म्हणाले. आई नाही. डोळे चिकटलेले, अंगाला ऑइल.

मी स्पष्ट सांगितलं, संध्याकाळपर्यंत. हे म्हणाले, बरं.

संध्याकाळ

थंडी फार आहे. उद्या सकाळपर्यंत.

५ जानेवारी, मंगळवार

कोमट पाण्याच्या बोळ्याने डोळे पुसले. एक उघडला. यांना वाटलं नशीब. नशीब नाही, हात. आबांची मुलगी आहे मी. आबा खडवलीला वैद्यकी करायचे, आसपासच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. त्यांनी मला तसं शिकवलं काही नाही, पण औषधं उगाळायला मीच बसायचे. ज्ञान असं हातातून चढतं.

नाव ठेवायचं नाही, हे यांना बजावलं. नाव ठेवलं की माया लागते. हे म्हणाले, रंग अगदी सुपारीसारखा आहे. मी म्हटलं, रंग सांगायला माझी हरकत नाही.

६ जानेवारी, बुधवार

हे सहाला उठले. एरवी दहापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. थंडीने झोप मोडली असावी. उठून पहिलं पिल्लाच्या खोक्यात डोकावले.

दुधाचा खर्च वाढवलेला नाही. आहे त्यातच सुपारीचे चार चमचे निघतात. यांना हल्ली कोरा चहा आवडायला लागलाय. मलाही दुधाचा चहा पूर्वीपासून जडच वाटायचा, कधी बोलले नव्हते इतकंच. काटकसर म्हणजे त्रास नव्हे, नियोजन.

७ जानेवारी, गुरुवार

समोरच्या रमाबाई भाजणी न्यायला आल्या. पिल्लू माझ्या पदरात होतं. म्हणाल्या, वहिनी, बारसं कधी? पाळणा माळ्यावर पडलाय आमच्या, धुऊन देते. मी म्हटलं, नुसती ऊब देतेय, परवा सोडून देणार. त्या म्हणाल्या, हो हो, आमची सासूपण चार दिवसांसाठीच आलेली.

दुपारपासून सुपारीला जुलाब. पातळ, पिवळे. हे म्हणाले, नौपाड्यात जनावरांचे डॉक्टर बसतात, नेऊ या. मी विचारलं, फी किती. यांना फी माहीत नव्हती. माहीत नसलेली फी नेहमी जास्त असते. ते बंगल्यातल्या कुत्र्यांचे डॉक्टर. वैद्याची मुलगी घरात असताना रिक्षा करून नौपाड्याला जायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

हे म्हणाले, तू म्हणशील तसं.

८ जानेवारी, शुक्रवार

बाळगुटी. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

गुटीची डबी माहेरची आहे. सहाण धुतली आणि वेखंडाचे, मुरुडशेंगेचे दोन-दोन वेढे उगाळले. जायफळाचे बाळाला एक-दोन पुरतात. मांजर आकाराने बाळाहून लहान, पण जात चिवट, म्हणून चार. बोटाने चाटवली. तोंड वाकडं केलं, पण बाळंही करतात.

अर्ध्या तासात गाढ झोप. दिवसभर उठलं नाही, जुलाबही नाहीत. पूर्ण गुण. यांना म्हटलं, वाचली की नाही फी? हे म्हणाले, हाक मारली तर कानसुद्धा हलवत नाही गं. मी म्हटलं, माणसावर विश्वास बसला की जनावरं अशीच झोपतात.

डॉक्टर इतक्या स्वस्तात इतकी झोप देऊ शकले असते का? विचार करण्यासारखं आहे.

९ जानेवारी, शनिवार

हे सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला गेले. हेही नवीनच. येताना आवडाबाई कोळणीकडून दोन मांदेल्या कागदात गुंडाळून आणल्या. ती म्हणाली म्हणे, बामनाचे घरान मांजर उपाशीच मरल, ने, पैसं नको. आमच्या घरात मासा. मी परवानगी दिली, पण गॅलरीत, जुन्या पेपरवर, मधलं दार लावून. हे उकिडवे बसून काटे काढत होते. लग्नात घास भरवतानाही यांनी इतकी काळजी घेतली नव्हती. सुपारीने एवढंसं चाटलं.

दुपारी पुन्हा जुलाब, आधीपेक्षा वाईट. कारण उघड आहे. माझ्या गुटीने आणलेला गुण आवडाबाईच्या मासळीने घालवला.

आता लंघन. आबा म्हणायचे, आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार. उद्या दिवस मावळेपर्यंत दूध बंद, पाणी बंद, फक्त गुटी. यात खर्चही नाही.

१० जानेवारी, रविवार

लंघन उत्तम चाललंय. सुपारी वाटीपाशी जाते, कोरडी वाटी चाटते आणि माझ्याकडे बघते. मन घट्ट केलं. वाटी उचलून कपाटावर ठेवली.

हे म्हणाले, टीव्हीवर दाखवतात ते मीठ-साखरेचं पाणी देऊन बघू या का. मी म्हटलं, ते माणसांच्या पोरांसाठी. पाण्याने जुलाब आणखी पातळ होतात, साधी गोष्ट आहे. हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पूर्वी हे वाद घालायचे. कंपनी चालू असताना तर मिठावरूनसुद्धा घालायचे. आता माझं म्हणणं पटतं त्यांना.

संध्याकाळ

जुलाब थांबले. लंघन आणखी एक दिवस वाढवते, म्हणजे दुखणं मुळापासून जाईल. गुटी चालू.

११ जानेवारी, सोमवार

हे गेटवर गेले नाहीत. परशुराम खालून हाका मारत होता, श्रीपादराव, चला, आज मालकाचा माणूस येणार आहे. हे खिडकीतून म्हणाले, आला तर सांगायला ये. मांडीवर सुपारी, तिच्यावर माझी माहेरची शाल. शाल मी दिलेली नाही, यांनी घेतली. मी फक्त दुहेरी घडी घालून दिली.

रागच आला मला. मांजर मोठं की नोकरी? नंतर परशुराम सांगून गेला की माणूस आलाच नाही, तेव्हा राग गेला.

सुपारीची तब्येत शांत आहे. ओरडणं पूर्ण बंद. मान एका बाजूला टाकून असते. डोळे आत गेल्यामुळे चेहरा रेखीव दिसतो. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. लहान वयात कातडी सैल असतेच.

हे म्हणाले, उद्या नेऊ या ना. मी म्हटलं, उद्या लंघन सोडायचंय, उद्या कसं नेणार.

१२ जानेवारी, मंगळवार

लंघन सोडलं. दूध कोमट केलं, त्यात पाणी घातलं नाही, निर्भेळ दिलं. चमच्याने तोंडात घातलं, ते कडेने बाहेर आलं. लंघनानंतर भूक जागी व्हायला वेळ लागतो. दोनदा, तीनदा घातलं. शाल ओली झाली.

उभं राहता येत नाही. गुटी आजपासून बंद करते. गुटीचं काम झालं.

नवीन कार्यक्रम ठरवला. उद्या भोगी, परवा संक्रांत. शुक्रवारी भाजणीचे पैसे येतील, ते आले की नौपाडा. मी डॉक्टरांच्या विरुद्ध कधीच नव्हते, मी फक्त क्रमाने जाते. यांना सांगितलं. हे म्हणाले, शुक्रवारी. प्रश्न विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

हे दुपारभर तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते, खाली-वर होतंय ना ते बघत. निरीक्षण हाही उपचारच आहे. होतंय.

रमाबाई तिळगुळाच्या गुळाचं विचारायला आल्या. दारातून खोक्याकडे बघितलं. आज काही चिडवलं नाही त्यांनी. गुळाचंही विचारायचं विसरल्या.

१३ जानेवारी, बुधवार, सकाळ

यांनी डाळीच्या डब्यात हात घातला, पैसे घेतले आणि चपला घातल्या. डब्याला यांनी कधी हात लावलेला नाही. मी म्हटलं, मीही येते, काय काय उपचार झाले ते तुम्हाला नीट सांगता यायचं नाही.

साडी बदलून लिहायला बसले आहे, हे रिक्षा आणायला गेलेत. आज उजाडल्यावर सुपारीचा एक पाय हलला. आशा ठेवायला जागा आहे. तिथे एखादं इंजेक्शन देतील आणि संध्याकाळी दूध पिईल. शुक्रवारचं बुधवारी झालं, एवढाच फरक.

१४ जानेवारी, गुरुवार, संक्रांत

काल परत आल्यावर लिहिलं नाही.

डॉक्टर तरुण होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. फी एवढी काही नव्हती. भिंतीवर लिहिलेलीच होती.

त्यांनी सुपारीला पत्र्याच्या टेबलावर ठेवलं. चिमटीत कातडी धरली आणि सोडली. हिरड्या बघितल्या. यांना म्हणाले, समोरच्या केमिस्टकडून सलाइनची बाटली आणि बारीक सुई घेऊन या, पटकन. हे पळत गेले. यांना पळताना मी आजवर पाहिलं नव्हतं. चप्पल दारातच निसटली, ती तशीच टाकून रस्ता ओलांडला.

हे तिकडे असताना सुपारीने पुढचे पाय लांब केले, उन्हात झोपून उठल्यावर मांजर करतं तसे. मला वाटलं जागी होतेय. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, बघा, उठतेय. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, थोडा वेळ धरली, मग कानातून काढली.

त्यांनी विचारलं, काय काय देत होतात? मी सगळं क्रमाने सांगितलं. दूध, गुटी, लंघन. जायफळाचे वेढे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मीही काहीतरी बोलले असते. म्हणाले, आजार साधा होता, पाणी कमी पडलं तिला. जायफळ मांजराला देत नाहीत. मग बाहेर कुत्रा घेऊन बसलेल्या बाईंना थोडं थांबायला सांगितलं आणि आम्हाला एक जुना टॉवेल दिला.

हे आले. एका हातात बाटली, दुसऱ्या मुठीत उरलेली चिल्लर, छाती भात्यासारखी. टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

मी म्हटलं, जन्मतःच कमजोर होतं, काही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

यांनी मान हलवली. पूर्ण विश्वास ठेवला. रिक्षात टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. कापूरबावडी मागे पडल्यावर म्हणाले, तरी तू किती केलंस तिच्यासाठी.

आज हे उठले नाहीत. तिळगूळ दिला, तो हातातच धरून ठेवला. सण आहे, दारात माणसं येतायत, मी प्रत्येकाला तेच सांगते, जन्मतःच कमजोर होतं.

इथेही तेच लिहिणार होते.