चिंधीचं टमाटं

सिरसाळा, गुरुवार, दिवेलागण

आज माझ्या परसातल्या टमाट्यांचे चार गावरान वाण चाखायला बचत गटातल्या बाया आल्या होत्या. ताटं मांडली, मीठ ठेवलं, आणि पाहते तर सासूबाई पाचवं टमाटं चिरतायत. माझ्या माहेरच्या वाणाचं, बियाण्यासाठी राखलेलं. त्या झाडावर पिकलेलं तेवढं एकच होतं. म्हणून तर देठाला लाल चिंधी बांधली होती!

"कावून तोडलं?" मी ओरडलेच. सगळ्यांसमोर. नको होतं ओरडायला.

"चिंधी हाय म्हंजी सगळ्यात चांगलं तेच. पाव्हण्यायला काय वाईट द्यावं?"

चिंधी कशासाठी बांधायची ते अख्ख्या गटाला मीच शिकवलं. घरात सांगायचं राहिलं. का? त्यांना काय कळतंय, असंच वाटत होतं ना मला?

बायांनी मात्र त्याची एकेक फोड खाल्ली आणि बोटं चाटली. आधी आंबट, मग गोड, आणि मागून मातीचा वास. पहिला नंबर त्याचाच. मला ठाऊकच होतं.

शेवटची फोड सासूबाईंनी माझ्यापुढे धरली. दुसऱ्या हातात चुलीतल्या राखेची वाटी. "खा. बी थुक हिच्यात." माहेर सुटल्यापासून चाखलंच नव्हतं मी ते. खाल्लं. बी राखेत घोळून वाळायला भिंतीला थापलं. उगवणारच.

आत्ता दुसऱ्या फळाला बांधावी म्हणून चिंधी शोधली, तर सापडेना. वाफ्यात गेले. त्याच झाडाच्या एका हिरव्या टमाट्याला ती आधीच बांधलेली होती. दोन गाठी मारून.