जेवणाआधीची लांब प्रार्थना

पप्पा, नाताळचा तारा लावायचाय असं सांगून गच्चीवर आलोय. तारा सकाळीच लावून झालाय. खाली ताटं मांडलीत, मटणाचा वास पार जिन्यापर्यंत आलाय, आणि मी हितं पाण्याच्या टाकीला टेकून चिक्कीच्या रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला तुमाला लिहितोय. दोन ओळी लिहितो, उठतो, कठड्यापाशी जातो, कान्हे स्टेशनाकडं बघतो, परत येतो. तुमी असता तर म्हणला असता, "बूड टेकव की रे जरा." टेकत न्हाई आज.

तुमी माझी बायको बघितली न्हाई, पोरगी बघितली न्हाई. पोरगी चार वर्षांची झाली. नाक तुमचं आहे, तोंड माझं आहे, म्हणजे बंदच होत न्हाई. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरला असतो. गिऱ्हाईक विचारतं, दाताला चिकटंल का? मी सांगतो, चिकटली तर दात आमचा, चिक्की तुमची. सेठ डोळे वटारतो पण माल खपतो, म्हणून ठेवलंय मला. नाताळाला गावी जायला सुट्टी मागितली तर म्हणला, "तुझा सण म्हणजे आपला सीझन आहे रे." खरंच आहे ते. पंचवीस ते एकतीस सगळी मुंबई-पुण्याची माणसं हितंच सांडतात. शेवटी आज अर्धा दिवस दिला. सकाळी उपासनेला गेलो, तिथनं तसाच दुकानात, आणि एकला घरी आलो. नगरकडं आपल्या घरी सगळे जमलेत. मघाशी आईनं फोनवर दाखवलं. धाकटी आत्या करंज्या तळत होती आणि मागं कोणतरी ढोलकी बडवत होतं. पोरगी फोनला नाक लावून बघत होती.

खरी भानगड दिवाळीत सुरू झाली. आमच्या घरमालकीण मावशी आणि त्यांचे मालक आबा, यांच्याकडं लेकी, जावई, नातवंडं अशी पंधरा-वीस माणसं आलती. पोरगी दिवसभर खालीच. संध्याकाळी वर आली आणि बायकोला विचारलं, "आपली माणसं कुठं आहेत?" बायको म्हणली, गावाला. तर ही म्हणती कशी, "नाही, मावशीच्या माणसांसारखी खरी." बायकोनं तिचे हातपाय धुतले आणि तिला जेवायला बसवलं. पण आज सकाळी केसाला पिन लावता लावता मला म्हणली, "आज जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही करायची. तुमच्या पप्पांसारखी, एकेकाचं नाव घेऊन. तिला कळू दे तिची किती माणसं आहेत ते."

मी म्हणलं, "लांब होईल."

"होऊ दे."

"मटण गार होईल."

"परत गरम करीन."

"मावशी आणि आबा जेवायला येणारेत, ते कंटाळतील."

"अहो, तुम्ही फक्त प्रार्थना करा. बाकी सगळ्यांची काळजी मी करते."

लग्नाला पाच वर्षं झाली, पप्पा, मी तिच्यासमोर एकदाबी मोठ्यानं प्रार्थना केली न्हाई. दरवेळी म्हणतो, तू कर, तुझा आवाज गोड आहे. तिला वाटतं मला पाठ न्हाई. पाठ आहे. लहानपणी मटणासमोर डोळे मिटून तेवढंच तर ऐकलंय. सगळ्यात थोरली आत्या, मग मोठे काका, मग एकदम धाकटी आत्या, कारण तुमी स्वतःचं नाव घेत न्हवता. मग धाकटे काका, काकू, वयानं उतरत उतरत सगळी चुलत-आते भावंडं. प्रत्येकाला एक मागणं. याच्या गुडघ्याला आराम दे, तिचं लग्न जमव, याला दारूपासून लांब ठेव. ज्याला लांब ठेवायचं तो तितंच बसलेला असायचा, डोळे मिटून, मान खाली घालून, चोरासारखा. सगळ्यांत धाकटा मी, म्हणून मी शेवटी.

तुमचा शेवटचा नाताळ. मी नववीत. सहामाहीत तीन विषय उडालेले, आणि मी तुमच्याच शाळेतला. घंटा तुमच्या हातात, आणि मागच्याच महिन्यात ती अर्धा तास आधी बडवून मी अख्खी शाळा घरी पाठवलेली. हेडमास्तरांची बोलणी तुमी खाल्ली. शिपायाचंच पोरगं म्हणल्यावर कोण खाणार? घरी येऊन तुमी मारलं न्हाई. टोपी खुंटीला लावली आणि एवढंच विचारलं, "तुला घाई कसली असते रे?" त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर त्या नाताळाला मी डोळे मिटून बसलोय आणि नावं उतरत उतरत माझ्याकडं यायलीत. मला वाटलं, आता हे देवाला सगळं सांगणार. तीन विषय, घंटा, सगळं, आणि त्या पुण्याच्या आतेबहिणी ऐकणार. माझ्या आधीच्या भावाचं नाव झालं. तुमी श्वास घेतला. आणि मी हुबेहूब तुमच्या आवाजात म्हणलं, "येशूच्या नावानं मागतो, आमेन."

सगळे म्हणले, आमेन. काकांनी मटणातल्या नळीला हात घातला. कोणालाच कळलं न्हाई. तुमी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणला, "बरं. जेवा." राग न्हवता तोंडावर. काय होतं ते मला अजून उमगत न्हाई. मार्चमध्ये तुमी शाळेच्या व्हरांड्यात खाली बसला ते उठलाच न्हाई. आईला मी किती वेळा विचारलं, पप्पा माझ्यासाठी काय मागणार होते? आई म्हणती, "त्यांच्या पोटातलं मला काय ठाऊक?" तुमी माझी तक्रार करणार होता का माझ्यासाठी काय मागणार होता, तेवढं कळलं असतं तरी चाललं असतं. कोणी "प्रार्थना कर" म्हणलं की मला तुमचा तो श्वास ऐकू येतो आणि मी जोक मारून सुटतो.

बायको हाक मारतीये. "झाला का नाही तारा?" वायर लूज आहे म्हणलं. खालनं मावशी म्हणतायत, "आवं, ताऱ्याचं राहू द्या, आबांची गोळी घ्यायची येळ झाली." जातो.

आलो परत. जेवणं झाली. आता चादरी काढायला म्हणून आलोय.

मावशी वाटीत सुंठवडा घेऊन आलत्या. मला म्हणल्या, "जल्म कवा झाला तुमच्या देवाचा?" म्हणलं, रात्रीच. "आन सुंठवडा कुटंय?" म्हणलं, आमच्यात नसतो, मावशी. "नसतो म्हंजी? बाळ जल्माला आलं न् सुंठवडा न्हाई? बाळंतिनीला काय नुसता केक दिला व्हय?" बायको एवढी हसली की वाटी हातातनं पडायची राहिली. केकशेजारी ठेवली. आबांनी टोपी काढायची का ठेवायची विचारलं. काढतात म्हणल्यावर टोपी मांडीवर ठेवली आणि डोक्यावरनं हात फिरवत बसले.

मग सगळ्यांनी डोळे मिटले. पोरगीनंबी. मी उभा राहिलो. एकदा वाटलं, लाईट गेल्याचं नाटक करावं. पण दुपार होती.

सुरू केलं. थोरल्या आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला नीट दिसू दे. मावशी लगेच म्हणल्या, "दिसू दे रं देवा." त्यांना वाटलं, प्रत्येकाला असं म्हणायचं असतं. बायको हळूच हसली. मोठ्या काकांचा दम कमी कर. "कर रं देवा." बरं चाललं होतं, पप्पा. आवाज माझा होता पण चाल तुमची होती. मी वयानं उतरत होतो. तुमी स्वतःला गाळायचा, मला गाळायची सवय न्हाई. मोठ्या काकांनंतर माझ्या तोंडातनं निघालं, "आणि पप्पांना सांभाळ."

निघालं आणि मी थांबलो. गेलेल्या माणसासाठी आपल्यात मागत न्हाईत, हे तुमीच शिकवलेलं. त्यांचं देवाकडं ठरून गेलंय, आता आपण मधी बोलायचं न्हाई. आणि मी भर पंगतीत तुमाला जिवंत माणसांत बसवलं. मागं घेता येईना, पुढं जाता येईना.

मावशी म्हणल्या, "सांबाळ रं देवा, लय गुनाचं पोर हाय." आणि पोरगीनं डोळे उघडून माझी पँट ओढली. "पप्पा, तुला काय झालंय?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. या घरात पप्पा मीच आहे. बायकोबी मला तिच्यासमोर पप्पाच म्हणती. सगळ्यांना वाटलं, मी माझ्यासाठीच मागितलं. मी म्हणलं, "काही न्हाई, डोळे मीट," आणि धाकट्या आत्यावर गेलो. सगळी नावं घेतली. शेवटी पोरीचं. तितं मात्र काय मागावं ते सुचंना. नुसतं नाव घेतलं आणि आमेन म्हणलं. नावं ऐकून तिचं समाधान झालं का विचारलं, तर म्हणली, "खूप आहेत. पण मटण पुरलं नसतं."

ताटं उचलताना बायको म्हणली, "लबाड. काका-आत्यांच्या मधे हळूच स्वतःचा नंबर लावलात." मी म्हणलं, "सीझन आहे, मिळंल तितं घुसायचं." ती हसत आत गेली. पण जाताना थांबून म्हणली, "बरं केलंत. तुमच्यासाठी मी रोजच मागते, तुम्ही कधी मागत नाही."

तिला सांगायला पाहिजे होतं की ते माझ्यासाठी न्हवतं. सांगितलं न्हाई. तुमच्यासाठी मागितलेलं मी ठेवून घेतलंय, पप्पा.