जग संपल्यावरचा खेळ आणि तुमची जीप

बाबा, आपला तो खेळ येतोय. जग संपल्यानंतरचा. त्याचा पुढचा भाग. येत्या शुक्रवारी येतोय म्हणतात, आणि ‘म्हणतात’ एवढ्यासाठी की या कंपनीने गेल्या पाच वर्षांत इतक्या वेळा तारीख दिली आणि फिरवली, की त्यांच्यापुढे चारोटी नाक्यावरची एसटीसुद्धा वेळेची पक्की म्हणायची. तुम्ही असतात तर त्या कंपनीच्या मालकाला एकदा कासाच्या स्टँडवर आणून उभं केलं असतंत. आठला सुटते सांगून साडेआठ झाले की पॅसेंजर कसं अंगावर येतं ते बघ, म्हणाला असतात. अर्थात तुमची जीप तरी कधी सांगितल्या वेळेला सुटली? ‘निघतेय, निघतेय’ म्हणत तुम्ही चहाची टपरी गाठायचात आणि आत बसलेली माणसं तुमच्या नावाने बोटं मोडत बसायची. सगळ्या सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा तुमचा नियम. त्या नियमापायी मी कॉलेजात किती लेक्चर बुडवली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तो कॉम्प्युटर घरी आला तो दिवस मला अजून तसाच दिसतो. दोन हजार चौदाचा मे महिना, डहाणूला एक कॉम्प्युटर क्लास बंद होत होता आणि तिथलं एक जुनं मशीन तुम्ही माझ्यासाठी उचललंत. मला काही माहीत नाही. संध्याकाळी जीप पाड्यावर येते आणि बघते तर काय, मधल्या सीटवर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींच्या मांडीवर मॉनिटर, मागे एका आजोबांच्या दोन पायांमध्ये सीपीयू, आणि कीबोर्ड एका शाळकरी पोरीने उराशी धरलेला. सगळी गाडी माझ्याकडे बघून हसतेय. मावशी उतरताना म्हणाल्या, सांभाळ गं बाई, चारोटीपासून लेकरासारखं धरून आणलंय. पुढचे कित्येक दिवस त्या मॉनिटरला बोंबलांचा वास येत होता, आणि आई त्याला ओल्या फडक्याने पुसत तुमच्या नावाने बडबडत होती.

क्लासच्या पोरांनी त्यात हा खेळ टाकून ठेवला होता. मोठं युद्ध झालंय, शहरं पडलीत, नद्या सुकल्यात आणि उरलेली माणसं भंगारातून वस्त्या उभ्या करून राहतायत. आपण एक माणूस बनवायचा, सोबतीला आणखी पाच जण घ्यायचे आणि त्या उजाड मुलुखातून फिरायचं. कुणाशी काय बोलायचं, कुणाला मदत करायची, कुणाशी भांडायचं, सगळं आपण ठरवायचं. मी खेळत होते आणि तुम्ही जेवणाची वाट बघत मागे खाटेवर पडला होतात. मग उठून बसलात. मग खुर्ची ओढलीत. मग म्हणालात, ह्याला मिशी नाही का लावता येत? झालं. त्या दिवसापासून तो माणूस तुमचा झाला. सैनिक, डॉक्टर, चोर, मेकॅनिक यातलं काय व्हायचं विचारल्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. मेकॅनिक.

इंग्रजी मी वाचायची आणि मराठीत सांगायची, ठरवायचं तुम्ही. रविवारी दुपारी जेवून उठलो की आपण बसायचो. लाईट गेली तर ती येईपर्यंत तुम्ही त्या जगाबद्दल शंका काढत बसायचात. एवढी माणसं मेली तर डिझेल कोण आणतो? विहिरी का नाही खणत? पावसाळा आहे की नाही त्यांना? आई भांडी घासता घासता म्हणायची, बसले बापलेक भंगारात. पण तुमचा चहा तिथेच आणून ठेवायची.

आणि तिथेही तुम्ही तेच केलंत! पहिल्याच वस्तीत सोबतीला दोन चांगली माणसं मिळाली होती. मी म्हटलं, चला, निघू. तुम्ही म्हणालात, तीन सीट रिकाम्या आहेत. बाबा, त्या खेळात रिकाम्या जागेला काही अर्थ नसतो. उलट कमी माणसं असली तर पाणी पुरतं, लवकर पोचता येतं. तुम्हाला ते पटेचना. अख्खी वस्ती पालथी घातलीत, घरोघरी जाऊन ‘येता का’ विचारायला लावलंत, आणि कोण कोण भरलंत! एका पायाने अधू म्हातारे मास्तर. एक बकरीवाली बाई, जी लढाई सुरू झाली की बकरी घेऊन लपून बसायची. आणि एक गंजलेला रोबोट, ज्याला हवामान सांगण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि तेही चुकीचं सांगायचा. त्याने ‘आज पाऊस’ म्हटलं की तुम्ही खूश. हसून हसून माझं पोट दुखायचं. अशी भरलेली गाडी घेऊन आपण जिथे जाऊ तिथे मार खायचो.

एकदा मी चिडले. पुढच्या गावात एक बंदूकवाली चांगली तयार बाई येते म्हणत होती, जागा करायची तर कुणाला तरी काढावं लागणार. मी तुम्हाला न विचारता बकरीवालीवर बोट ठेवलं. तुम्ही माझ्यावर फार क्वचित आवाज चढवायचात. त्या दिवशीही चढवला नाहीत, पण माऊसवरचा माझा हात उचलून बाजूला ठेवलात.

“अर्ध्या वाटेत उतरवायचं होतं तर बसवलंस कशाला तिला?”

मी तोंड फुगवून बसले. मला त्याच पावसाळ्यातला कासाचा बाजार आठवत होता. जीप गच्च भरलेली, मी कॉलेजच्या नव्या ड्रेसमध्ये तुमच्या शेजारी पुढे बसलेली, आणि हॉस्पिटलातून एक बाळंतीण तिच्या आईबरोबर निघून स्टँडवर आली. तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत. मी निमूट उतरले आणि मागच्या फळीवर दोन बाप्यांच्या मध्ये लोंबकळत, चिखल अंगावर घेत घरी आले. पोरीचा ड्रेस बघा, म्हणून आईने रात्रीच्या भाताबरोबर तुम्हाला चांगलंच सुनावलं होतं. तुम्ही शांतपणे जेवत होतात. बकरीवाली मग शेवटपर्यंत आपल्या गाडीत राहिली.

शेवट म्हणजे तो दरवाजा. नवरात्र होऊन गेलं होतं, शेतांतून भातकापणी चालली होती आणि पॅसेंजर कमी होते, म्हणून आपण बरेच पुढे सरकलो होतो. डोंगराखाली एक लोखंडी दरवाजा, पलीकडे हिरवा मुलुख, वाहतं पाणी. सगळा खेळ ज्याच्यासाठी केला ते ठिकाण. पण दरवाजाची दांडी अलीकडच्या बाजूला, आणि ती सोडली की दरवाजा बंद होतो. म्हणजे एकाने दांडी धरून मागे राहायचं. कोण राहणार? पडद्यावर सहा नावं आली, आपल्या मिशीवाल्यापासून रोबोटपर्यंत. मी सगळी वाचून दाखवली. म्हटलं, रोबोटला ठेवू, तो काही माणूस नाही. तुम्ही खुर्ची मागे सारलीत आणि, आज राहू दे, म्हणालात. मी तिथवरचा खेळ सेव्ह केला. याचा पुढचा भाग कधी येतो ते विचारलंत. येणार आहे म्हणे एक-दोन वर्षांत, मी सांगितलं. हां, म्हणालात आणि टायरची हवा बघायला बाहेर गेलात. पुढच्या रविवारीही ‘राहू दे’. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, तुम्हाला कुणाला सोडवत नाहीये.

मग दिवाळीनंतर छातीत कळ आली म्हणून तुम्ही स्वतः जीप चालवत दवाखान्यात गेलात. आणि जाताना वाटेतले पॅसेंजर घेतलेत! त्यांच्यातलाच एक जण आम्हाला सांगायला धावत आला. ड्रायव्हर घामाने भिजलेला, तरी सगळ्यांना आपापल्या ठिकाणी उतरवत गेला म्हणाला. बाबा, त्या गोष्टीचा मला अजून राग येतो. कुणी मोठ्या कौतुकाने ती सांगायला लागलं की मी उठून जाते. सरळ गेला असतात तर, हे डॉक्टरांना विचारायचं मला धाडस झालं नाही, आणि आता विचारून तरी काय करू. काकांनी जीप वर्षभर चालवली, मग विकली.

मी सध्या घोलवडला एका नर्सरीच्या ऑफिसात आहे. चिकूची कलमं कुठल्या गाडीने कुठे जाणार ते बघते. सकाळी जीपनेच जाते, दुसऱ्या कुणाच्या तरी. गेल्या वर्षीपासून आपल्याकडे जमीन हलतेय, तुम्हाला खरं वाटणार नाही. आधी नुसता आवाज यायचा, मग भांडी वाजायला लागली, मग भिंतींना चिरा. तेव्हापासून मोठा धक्का बसला की पाडाच्या पाडा अंगणात. आपल्या अंगणातही ताडपत्रीचा तंबू आहे. शेजारच्या दोन घरांची म्हातारी माणसं आणि पोरं त्यातच असतात, कारण आपलं अंगण मोठं. भीती वाटते, पण रोज भीती वाटून माणूस कंटाळतो. मग तंबूत बसून पोरं पत्ते खेळतात, आई नाचणीच्या भाकऱ्या थापते आणि सगळे मिळून सरकारला शिव्या घालतात. मी लॅपटॉप घेऊन बसते. जुन्या मशीनमधला आपला खेळ मी त्याच्यात आणून ठेवलाय.

कंपनीने आता असं सांगितलंय की ज्यांनी मागचा भाग पूर्ण केला असेल त्यांना आपली माणसं पुढच्या भागात नेता येतील. पूर्ण केला असेल तर. नाहीतर सगळं नव्याने, अनोळखी माणसं घेऊन. हे वाचलं आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. म्हणजे तो दरवाजा आता मला उघडावाच लागणार. पाच वर्षं मी ती सहा नावं अधूनमधून उघडून बघत होते आणि बंद करत होते. मास्तरांना कसं ठेवू? बकरीवालीला तर शक्यच नाही. पहिल्या वस्तीतले ते दोघं तर सुरुवातीपासूनचे. रोबोटच राहिला, पण त्याला ठेवला तर तुम्ही माझा हात बाजूला कराल असंच वाटत राहायचं.

गेल्या रविवारी दुपारी तंबूत मी तीच नावं उघडून बसले होते. आई बाजूला लसूण सोलत होती. आता इथे काय अडलंय, तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, दरवाजा, दांडी, एकाने राहायचं. बाबांना ठरवता आलं नाही, आता मलाही येत नाही, म्हटलं. आईने हातातली पाकळी खाली ठेवली.

“ठरवता आलं नाही कशाने? त्यांनी त्याच दिवशी ठरवलेलं. जेवताना मला म्हणाले, दरवाजा मीच धरून उभा राहतो, पण मग पुढचा भाग येईल तेव्हा पोरगी कुणाबरोबर खेळेल? म्हणून थांबलोय.”

एवढं बोलून ती परत लसूण सोलायला लागली. तिला वाटत होतं मला हे माहीत आहे. मी तिच्यावर ओरडणार होते, पाच वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंस म्हणून, पण नुसतीच ताडकन उठून उभी राहिले. शेजारचे आजोबा विचारायला लागले, परत हलली का जमीन? नाही हो, आई म्हणाली, हिच्या खेळात काहीतरी झालंय.

मग मी तुमच्या मिशीवाल्यावर बोट ठेवलं. त्याने दांडी धरली. बाकीचे एकेक करून पलीकडे गेले, मास्तर सगळ्यात सावकाश. बकरीवाली थांबून काहीतरी म्हणाली, ते मी तंबूतल्या सगळ्यांना मराठीत सांगितलं: तुझ्या गाडीत बसलो म्हणून पोचलो. मग दरवाजा लागला. तुम्ही अलीकडे उभे, एकटे. मी रडले, बाबा. आईपण रडली आणि म्हणाली, मिशी अगदी त्यांच्यासारखी लावलीय.

हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं. कुठे टाकणार, लॅपटॉपमध्येच राहील. फक्त एक गोष्ट राहिली. या पाच वर्षांत दर वेळी तारीख पुढे गेली की मी बाकीच्यांबरोबर कंपनीला शिव्या घातल्या, आणि आतून मला बरं वाटलं. पुढचा भाग येत नव्हता तोवर तुम्ही दरवाजाशी थांबलेले होतात. आता तुमचे पॅसेंजर पलीकडे खोळंबलेत. या शुक्रवारी मात्र तो आला नाही, तर मला खरंच राग येईल.