पोट अंदर घे

माय, आज मी तुझ्यावर चिडले आहे. तू गेलीस तेव्हा माझ्या मांडीवर असलेली पोरगी आता स्वतःच्या सासरी भात रांधते, इतकी वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मलाही कळतं. पण जे जिवंत आहेत ते सगळे सध्या माझी काळजी करण्यात गुंतलेत. त्यांच्यावर ओरडलं की ते आणखीच हळू आवाजात बोलायला लागतात आणि माझं डोकं आणखी फिरतं. तेव्हा म्हटलं, तुलाच धरावं. तू हळू आवाजात कधी बोललीच नाहीस.

तर ऐक. उद्या सकाळी आम्ही साकोलीहून नागपूरला निघणार आहोत, दवाखान्यात भरती व्हायला. मला गुदाशयात गाठ निघाली आहे, कॅन्सरची. किमो झाली, मशीनवर शेकून झालं, आता ऑपरेशन. खालचा रस्ता कायमचा बंद करणार आणि आतड्याचं तोंड पोटावर काढणार. तिथे एक पिशवी चिकटवायची, शी त्या पिशवीत येणार, आणि हे सगळं मी जगेन तोवर. डॉक्टर म्हणतात, गाठ वेळेवर सापडली, निभून जाल. हे वाचून तू आधी काय विचारशील ते मला पक्कं ठाऊक आहे. 'दुखन का?' असं तू विचारणार नाहीस. तू विचारशील, "लोकायले दिसन का वो?"

मी अजून अंगणवाडीतच आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना काट्याला टांगत आले. एखाद्याचं पाव किलो वाढलं तर त्याच्या मायपेक्षा मलाच आनंद व्हायचा. त्या माया तोंडावर हसायच्या, "बाई, तुमच्यातलं थोडं आमच्या पोराले द्या ना." मीही हसायचे. आता दवाखान्यात दर खेपेला मलाच काट्यावर उभं करतात, आणि तिथली पोरगी आकडा असा ठणकावून सांगते की औषधाच्या खिडकीशी उभा असलेला माणूसही मान वळवून बघतो. डॉक्टर म्हणाले, पोटावर चरबी फार आहे, जमेल तेवढं वजन उतरवा, रोज चाला. किमोमध्ये घास गिळवत नव्हता तेव्हा थोडं उतरलंही. तर शेजारीण दारात येऊन म्हणते, "बारीक झाल्या बाई तुम्ही! मस्त दिसून राहिल्या. काय करून राहिल्या?" मी म्हटलं, "कॅन्सर." बिचारी पदर तोंडाला लावून जी गेली ती दोन दिवस दिसली नाही. पण माय, जन्मात पहिल्यांदा कोणी मला बारीक म्हटलं, आणि ते कशापायी म्हटलं बघ.

भाताचंही तसंच. डॉक्टर, नणंद, बसमधली अनोळखी बाई, ज्याला त्याला मला एकच सांगायचं होतं, भात सोडा. या धानाच्या मुलखात भात सोडून खायचं काय, ते मात्र कोणी सांगितलं नाही. आता ऑपरेशनच्या आधी पोटात चोथा जायला नको म्हणून पालेभाजी बंद, सालीची डाळ बंद, आणि दवाखान्यातली आहार सांगणारी बाई म्हणते, पांढरा मऊ भात खा. मी तिला तीनदा विचारलं, भातच ना? ती वैतागली. वर एक प्लास्टिकचं खेळणं दिलंय. नळीतून श्वास ओढला की त्यातले तीन गोळे वर चढतात. जाड माणसाच्या छातीत भुलीनंतर कफ साचतो, म्हणून आधीपासून सवय करायची. श्वास धरून ठेवण्यात अख्ख्या जिल्ह्यात कोणी माझा हात धरणार नाही. पण ओढायचा म्हटला की पहिलाच गोळा अर्ध्यावर डुगडुगतो. आणि श्वास धरायला मला कोणी शिकवलं, सांग.

मला करडी गावातलं आपलं घर दिसतं. छपरीत तू बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. तुझी बोटं विडी वळताहेत आणि तोंड माझ्याशी बोलतंय. आत चुलीवर भात शिजतोय. तू उठतेस, हात धुतेस, माझ्या थाळीत भाताचा ढीग घालतेस, मधोमध खळगा करून त्यात वरण ओततेस. मी पुरे म्हणते. तू आणखी एक पळा घालतेस. "खाऊन घे. आमच्या लहानपणी पेजीत शीत शोधा लागे." आणि स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून जेवतेस. तुझं पोट पाठीला लागलेलं होतं, तुला ते कधी आत घ्यावं लागलं नाही. मी गुबगुबीत होते तोवर तू मला गावभर मिरवलंस. "माही पोरगी पाहा कशी भरली आहे." मग मी मोठी झाले, आणि एक दिवस, कोणत्या दिवशी ते तुलाच माहीत, तेच पोट तुला लाज आणायला लागलं. पाण्याला निघाले, पोट अंदर घे. लग्नाच्या पंगतीत बसले, पोट अंदर घे, पदर ओढ. ते पोट तूच भरलंस आणि तूच लपवायला लावलंस. घरी आलं की पुन्हा भाताचा ढीग. माय, यातलं एक काहीतरी करायचं होतंस.

मला पाहायला पाहुणे आले तो दिवस आठवतो? मी सतरंजीवर बसले होते आणि तू दाराआड उभी होतीस. आपली खूण ठरलेली. तू स्वतःच्या पोटावर दोन बोटं ठेवलीस की मी श्वास ओढून धरायचा. तू बोटं काढलीच नाहीस. त्यांनी नाव विचारलं तर माझ्या तोंडून आवाजच फुटेना, कारण आवाजाला वारा लागतो आणि तो सगळा मी छातीत कोंडलेला. ते लोक खूश झाले, पोरगी लाजाळू आहे म्हणाले. तुझे जावई अजून सांगतात, "मले वाटलं हलक्या आवाजाची बायको भेटली. फसलो मी." मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा तू विड्यांच्या मजुरीतून साडी आणलीस, गर्द जांभळी. मी पदर चाचपून बघत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, तेवढ्यात तू म्हणालीस, "काळपट रंगात पोट दिसत नाही." लगेच आटलं ते पाणी.

आता खरी गोष्ट सांगते. ऑपरेशनच्या आधी पोटावर खूण करतात, पिशवी नेमकी कुठे येणार त्याची. हेच काम करणारी एक वेगळी सिस्टर असते. तिने मला समजावलं की जागा अशी हवी जी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि जिथे वळी पडणार नाही. जाड पोटाला म्हणूनच खूण थोडी वर घ्यावी लागते. जागा चुकून वळीत गेली तर पिशवी चिकटून राहत नाही, सुटते, गळते. एकदा जागा चुकली की रोजचाच वैताग. मी ऐकलं, मान हलवली. तिने मला पलंगावर निजवलं, खुर्चीवर बसवलं, उभं केलं, वाकवलं, आणि बेंबीच्या डावीकडे काळ्या पेनाने गोल काढला. "दिसते का ताई?" म्हणाली. मी म्हटलं, "हो." वर पारदर्शक पट्टी चिकटवली, म्हणजे आंघोळीत पुसायला नको. मी तिचे आभार मानले आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर बसले, विळीवर भाजी चिरायला. पदर खोचताना सहज खाली पाहिलं तर गोल गायब. हाताने चाचपलं तर पट्टीची कड लागली, पार वळीच्या आत. तुझे जावई बाजूलाच होते. "अवो, तो डाग गेला कुठं?" मी उठले, तर खूण बाहेर आली. बसले, तर गेली. आम्ही दोघं त्या खुणेकडे बघत राहिलो. उंदीर बिळात जावा-यावा तसं चाललं होतं. ते म्हणाले, "सिस्टरनं पाहिलं नाही का नीट?" मला मात्र तेव्हाच कळलं होतं. सिस्टरने नीटच पाहिलं होतं. तिने माझ्या पोटाला हात लावल्यापासून पेनाचं टोपण लावीपर्यंत मी पोट अंदर घेतलेलं होतं. ठरवून नाही. आयुष्यात कधीच ठरवून घेतलं नाही. कोणी बघतंय म्हटलं की ते जातंच. तिने ज्या पोटावर खूण केली ते माझं नव्हतंच, तू दाराआडून मागत होतीस ते पोट होतं.

आणि मी दिवसभर बसते कुठे, तर जमिनीवर. लेकरांच्या घोळक्यात, मांडी घालून. एक मांडीत लोळतं, दुसरं पोटावर रेलतं. तिथे ती पिशवी सुटली तर? मला मरणाची तेवढी धास्ती नाही गं, खरंच सांगते. त्या लेकरांनी नाक दाबावं, त्यांच्या मायांनी एकमेकींकडे बघावं, आणि मग मी आपणहून घरी बसावं, याची आहे. तरीही दोन दिवस मी फोन केला नाही. काय सांगणार होते? सिस्टर, माझं पोट तुम्ही पाहिलं त्याहून मोठं आहे? शेवटी तुझे जावई भडकले. "दिवसभर गावाले ओरडतेस, तिथं तोंडाले कुलूप काहून लागते तुह्या? आतडं कापून राहिले तुहं, वांगं नाही!" त्यांनीच नंबर लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. मी घाबरत घाबरत सांगितलं. सिस्टर म्हणाली, "बरं झालं सांगितलं ताई. उद्याच या. घरी नेसता ना, तीच साडी नेसून या."

मी तुझी जांभळी नेसून गेले. आता विरलीय, म्हणून घरातच वापरते. कारध्याच्या पुलावर गाडी आली, खाली वैनगंगा दिसली, तेव्हा माझ्या मनात आलं की अजूनही म्हणता येईल, राहू द्या, चालेल तीच खूण. तुझं मन राखायची सवय काही लवकर जात नाही. सिस्टरने सरळ फरशीवर चादर अंथरली. "बसा, अंगणवाडीत बसता तशा." बसले. ती समोर येऊन बसली, माझ्या पोटाकडे बघत थांबली, आणि म्हणाली, "पोट सोडा ताई."

मी म्हटलं, सोडलंय.

"नाही सोडलं. धरून काहून राहिल्या? इथं कोण पाहून राहिलं? मीच तं आहे."

माय, मला ते सोडता येईना. काय करायचं असतं तेच कळेना. मूठ उघड म्हटलं तर उघडता येते, पण हे कुठून उघडायचं? तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, श्वास बाहेर टाका, हळूहळू, मला घाई नाही. तो जातच राहिला. केवढा होता! आणि मग पोट पुढे आलं, खाली ओघळलं, जांघेवर टेकलं, आणि मला रडूच कोसळलं. दुखत नव्हतं. हलकं वाटत होतं, आणि त्याचाच राग आला. पन्नाशी उलटल्यावर, तेही कॅन्सरच्या दवाखान्यात, एका परक्या बाईने सांगावं की पोट सोड. तू एकदा म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? घरात, दार लावून, नुसतं एकदा?

नवी खूण बेंबीच्या बरीच वर आहे, डावीकडे. बसले, उठले, वाकले, मांडी घातली, तरी दिसते. साडी तिच्या खाली बांधायची. म्हणजे निऱ्यांच्या वर ती पिशवी राहणार, आणि पदर नीट घेतला नाही तर फुगवटा दिसेलही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की हो, दिसन लोकायले. दिसू दे. जमिनीवर बसून लेकरांना खिचडी वाढता आली म्हणजे मला पुरे.

बॅग भरून झाली आहे. तुझे जावई मघाशी विचारून गेले, काय लिहून राहिली एवढं, तर मी सांगितलं, सामानाची यादी. हा कागद त्यांच्या हाती लागू नये म्हणून जांभळ्या साडीच्या घडीत ठेवणार आहे. बाकी तुझ्याशी भांडण मिटलं असं समजू नकोस, परत आले की उरलेलं भांडेन.

एक मात्र सांगून टाकते. आत्ता हे लिहिताना मागे पाऊल वाजलं. हेच होते, चहा ठेवून गेले. पण वळून बघायच्या आधी, अर्धा क्षण, मला वाटलं तू आलीस. आणि एवढं सगळं लिहून झाल्यावरही, माय, पोट अंदर गेलं. चहा निवला तरी मी ते धरूनच बसले होते.