गॅरेजमधली पणती

१२ ऑक्टोबर, चँडलर

काही सुचत नाहीये. गॅरेजमधलं माझं सगळ्यात चांगलं गांजाचं झाड (इथं अमेरिकेत आमच्याकडे घरी लावायला परवानगी आहे), पक्की मादी, आणि आज त्यावर नराची पिवळी फुलं! अंधाराच्या वेळी उजेड मिळाला की झाड बिथरून असं करतं. पण उजेड आला कुठून? खाली बघतो तर आईची बॅटरीवरची पणती. म्हणे, "तुळशीला लावते, मग माझ्या गुडघ्याच्या औषधाच्या झाडाला नको?"

आता स्वतःच्याच परागानं बी धरेल. रोपं मादीच निघतील, पण हीच खोड घेऊन? एवढ्याशा पणतीनं बिथरणारं झाड पुढच्या बियाण्यासाठी धरायचं कसं? की दोष पणतीचाच? ती पिवळी फुलं उमलली तर बाकीच्या झाडांतही बी धरेल...

झाड उपटायला वाकलो, तर मागून आई खुशीत म्हणाली, "बघ, दिवा लावायला लागले नि कसं फुललंय!"

झाड अजून तिथंच आहे.