बुल्काची नखं आणि माझं टक्कल

कॅनोरा, शुक्रवार

प्रिय स्टेफा,

थोरल्या भावाचे भरपूर आशीर्वाद. तुझा गुडघा आता कसा आहे? इथल्या जिन्याला कंटाळून रेजायनाला लिफ्टच्या इमारतीत गेलीस, तर तेवढा तरी आराम पडला असेल. इकडे बर्फ गुडघाभर आहे. माझी तब्येत चांगली, फक्त पाठ धरली आहे आणि डोक्याला शेंगदाण्यांचा वास येतो. दोन्हींची कारणं पुढे येतील, घाई करू नकोस.

तुझं पत्र मिळालं. 'नव्या घराची लाकडी जमीन नाजूक आहे, बुल्काची नखं कापून झाली की कळव, मी येऊन त्याला घेऊन जाईन,' असं तू लिहून मोकळी झालीस. जसा काही कोबीच चिरायचाय! बाई गं, तुझा हा कुत्रा चौदा वर्षांचा. नखं कोळशासारखी काळी, वाढून इतकी वळलेली की स्वयंपाकघरात चारी पाय चार दिशांना जातात. (परवा स्टोव्हपाशी सपशेल आडवा झाला आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मान वळवून पाहू लागला. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग केलं. त्यालाही काही अब्रू आहे.) जनावरांच्या दवाखान्यात नेला, तर तिथल्या डॉक्टर पोरीने छातीला नळी लावली आणि म्हणाली, हृदय थकलंय, भूल देऊन नखं काढायची मी जोखीम घेणार नाही. म्हणजे जे काय करायचं ते घरीच, आणि मीच.

आता मला कोण शिकवणार? उभा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला. चावरे, लाथाळ, सगळे माझ्या हाताखालून गेले, तिथे या उशीएवढ्या कुत्र्याचं काय घेऊन बसलीस! मी आपल्या धंद्याचीच रीत वापरली. चामड्याचा ॲप्रन बांधला, बुल्काकडे पाठ केली, वाकलो आणि त्याचा मागचा पाय माझ्या दोन गुडघ्यांमध्ये धरला. घोड्याला यातलं कळतं, तो तीन पायांवर उभा राहून स्वतःच्या विचारात असतो. तुझा बुल्का गर्रकन वळला, आणि वळल्यावर त्याच्या तोंडासमोर जे काही आलं ते माझं होतं. (रविवारी चर्चमध्ये मी शेवटपर्यंत उभा होतो. आपल्याकडे बहुतेक प्रार्थना उभ्यानेच होते म्हणून निभावलं, नाहीतर फादरना माझ्या भक्तीचा संशय आला असता.)

दुसऱ्या दिवशी तो झोपेत असताना कात्री लावली, आणि इथे मात्र मी माती खाल्ली. काळ्या नखात आतली जिवंत शीर दिसत नाही. मी जरा जास्तच घेतलं आणि रक्त आलं. मी मक्याचं पीठ दाबून धरलं, तेव्हा थांबलं. तो भुंकला नाही, चावला नाही, नुसता माझ्याकडे बघून टेबलाखाली गेला. दोन दिवस तिथेच. कोल्बासा सॉसेजचा तुकडा पुढे केला, तर माझ्या हातातून घेईना, मी बाजूला झाल्यावर खाल्ला. फार वाईट वाटलं गं स्टेफा. तू गेल्यापासून या घरात आवाज म्हणजे त्याच्या नखांची टकटक, तीही बंद झाली.

मग त्या डॉक्टर पोरीला फोन केला. म्हणाली, स्वतःच्या कपाळावर प्लास्टिकचा कागद लावून त्यावर पीनट बटर फासा. तो चाटत राहील, तेवढ्यात एकच नख, कण कण करत घ्या. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा, आणि बाकीची दुसऱ्या दिवशी. (कागद केसांना चिकटू नये म्हणून असणार. मला ती अडचण नाही, मी थेट टकलावरच थापलं.) फरशीवर बसलो आणि मान खाली घातली. बऱ्याच वेळाने टेबलाखालून टकटक आली. नेमकी त्याच वेळी शेजारची परास्का कोबीच्या पानांत भात गुंडाळलेले होलुब्त्सी घेऊन दारात. बघत राहिली आणि म्हणाली, "अरे ओरेस्ट, जन्मभर घोड्यांचे खूर तासलेस, आता म्हातारपणी कुत्र्याकडून डोकं तासून घेतोस होय?" मी हललोसुद्धा नाही, कारण बुल्काने आपणहून पंजा माझ्या मांडीवर ठेवला होता. एक नख घेतलं. ठिपका दिसला, थांबलो. तो चाटतच राहिला, आणि माझे डोळे भरून आले. (परास्काला वाटलं पीनट बटर डोळ्यांत गेलं.)

तर नखं अद्याप कापून झालेली नाहीत, एवढंच कळवायचं होतं. गुडघ्याला जप.

तुझा दादा,
ओरेस्ट

ता. क. रोज एकच नख घेतो. शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर पहिलं पुन्हा वाढलेलं असणार, म्हणजे 'कापून झाली' असं मला कधी लिहिता येईल असं वाटत नाही. अट तूच घातलीस.

आणखी एक. कुत्रा तुझा आहे, मला ठाऊक आहे. संध्याकाळी तो तुझ्या खुर्चीपाशी जाऊन बसतो, आणि मी समोरच्या खुर्चीत. तुझा पलंग मी एकट्याने वरून खाली पुढच्या खोलीत आणलाय (पाठ त्यामुळे). आता जिना चढायचं कारण नाही, आणि इथल्या जमिनीवर आईच्या वेळेपासून ओरखडे आहेत, कोणी तपासायला येत नाही. त्याला न्यायला येऊ नकोस. राहायला ये.

येताना पीनट बटरची मोठी बरणी आण. इथल्या दुकानात मी मागितलं की सगळे माझ्या टोपीकडे बघतात.